न दिलेल्या नोटिशीची पोच

भुताखेताच्या गप्पा रंगल्या की मी हळूच उठून पाणी प्यायला जातो, असा माणूस. तरी हे लिहितोय... कारण यात भूत असलंच, तर ते माझंच आहे. आणि माझ्यापेक्षा कामसू आहे.

कुरुळीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी ॲडमिन बघतो. म्हणजे कॅन्टीन, लिफ्ट, एसी – कुठलं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं, त्या तारखा सांभाळायच्या. 'सांभाळायच्या' हा शब्द माझ्या बाबतीत जरा मोठाच आहे.

कॅन्टीनच्या करारात कलम होतं – मुदत संपायच्या साठ दिवस आधी लेखी नोटीस पोचली नाही, तर तोच ठेकेदार आपोआप आणखी तीन वर्षं. प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यातल्या किसनभाऊंनी, ते कुरुळीचेच, मला गाठलं. "साहेब, त्या डाळीत तोंड बघून आमी भांग पाडतो. अजून तीन वर्सं न्हाई निभायचं."

"भाऊ, माझा शब्द!"

नोटीस टाइप केली, सही ठोकली, पाकीट स्कूटरच्या डिकीत टाकलं. घरी जाता जाता ठेकेदाराच्या पिंपरीतल्या ऑफिसात द्यायचं, बस. शेवटची तारीख शुक्रवार. मला आठवलं रविवारी – पिंपळे गुरवच्या मंडईत, मेथीची जुडी डिकीत कोंबताना. पाकीट तिथंच!

"काय हो, आत साप आहे का?" बायकोनं विचारलं.

सोमवारी पाय धरायच्या तयारीनं ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. त्यांचा मॅनेजर मला पाहताच उखडला. "आता काय राहिलं राव? शुक्रवारी नोटीस हातात ठेवलीत, चहा सांगतो म्हटलं तर मान हलवून निघालात!"

त्यानं फाइल पुढं सरकवली. माझी नोटीस. माझी सही. वर आवक शिक्का – शुक्रवार, साडेपाच.

जिन्यात येऊन माझ्याकडचं पाकीट फोडलं. आत तीच नोटीस, तीच सही... शिक्का नाही.

शुक्रवारी साडेपाचला मी कंपनीच्या फायर ड्रिलमध्ये 'जखमी कामगार' बनून स्ट्रेचरवर पडलो होतो. फोटो आहे. दुसऱ्या कुणी दिली म्हणावं, तर पत्राची जादा प्रत मी काढलीच नव्हती – तोही माझाच घोळ. मॅनेजर मला पाच वर्षं ओळखतो. आणि चहाला नाही म्हणणारा मी? शक्यच नाही.

पुढं एसीच्या देखभालीचा करार थांबवायचं पत्र मुद्दाम डिकीत ठेवून पाहिलं. नाही पोचलं. एसीवाला वर्षभर गळ्यात पडला.

नवं कॅन्टीन सुरू झालं, त्या दुपारी किसनभाऊंनी माझं ताट स्वतः वाढून आणलं. मटकीची घट्ट उसळ, गरम भाकरी. म्हणाले, "शब्द पाळला साहेब तुमी."

पत्र कुणी दिलं ते मला ठाऊक नाही, हे सांगायला तोंड उघडलं... पण घास आधी आत गेला. आजही ठाऊक नाही. उसळ मात्र दुसऱ्यांदा मागून घेतली.