वाकडं जुळलेलं हाड

कुरुंद्याजवळ विहिरीचा गाळ काढताना बांगड्यांसकट एक सांगाडा निघाला. पंचनामा लिहून लिहून कंटाळलेला मी जमादार. 'विहिरीत पडून' असं लिहूनही टाकलं होतं. पंच म्हणून सही करायला शेजारी मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावलं.

तो उकिडवा बसला. हाताच्या वाकड्या हाडाला न शिवता बघत राहिला. मग स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत म्हणाला, "साहेब, हे पडून मोडलेलं न्हाई. जुनं हाय. दोनदा मोडून जुळलंय. काठी अडवायला हात असाच वर जातो."

"बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"मेंढीचा पाय मोडला की आमी कामट्या बांधतो, सरळ जुळतो. हिचा हात कुणी बांधलाच न्हाई."

मी ती ओळ खोडली. आधीच्या पंचनाम्यांत कितीदा 'पडून' लिहिलं, ते आठवायचं टाळतो.