बसून घेतलेलं माप

दुकानात येणारा प्रत्येक जण पाठ सोडून बाकी सगळ्याचं माप सांगतो. शर्टाचं सांगतो, बुटाचं सांगतो, एकाने तर न विचारता वजनही सांगितलं होतं. ताई सगळं ऐकून घेतात आणि गळ्यातली टेप काढतात. मोटरसायकलस्वारांच्या या दुकानात हेल्मेट, हातमोजे, जॅकेट असं सगळंच मिळतं आणि ते विकायला कोणीही उभं राहतं. पण पाठीचं कवच घ्यायला गिऱ्हाईक आलं की मालकसुद्धा मुकाट्याने ताईंकडे बोट दाखवतात.

"एक्स्ट्रा लार्ज द्या," परवाच एक आडदांड गृहस्थ म्हणाले. "जॅकेट मला तेवढंच लागतं."

"ते पोटाला लागतं," ताई म्हणाल्या. "पाठ तुमची मीडियम आहे."

गृहस्थ हसले नाहीत. त्यांची बायको मात्र खुर्चीत बसून पोट धरून हसली, आणि मग त्यांनाही निमूटपणे पाठ वळवावी लागली. ताईंनी कमरेच्या हाडापासून मानेखालच्या टोकदार मणक्यापर्यंत टेप धरली. कवच या दोन टोकांमध्ये मावलं पाहिजे. तोकडं पडलं तर कंबर उघडी राहते आणि लांब झालं तर त्याहून वाईट होतं.

लांब झालं तर काय होतं, हे उभ्या माणसाला कळत नाही. म्हणून दुकानाच्या मधोमध एक इंजिन नसलेली मोटरसायकल जमिनीला बोल्टने जखडून ठेवली आहे. तिला सगळे घोडा म्हणतात. कवच चढवायचं, वर स्वतःचं जॅकेट, डोक्यावर स्वतःचं हेल्मेट, आणि घोड्यावर बसायचं. आधी पाच मिनिटं ताठ, रस्त्यावर बसतो तसं. मग पाच मिनिटं छाती टाकीला टेकवून, शर्यतीच्या ट्रॅकवर बसतो तसं. या वेळात ताई दुसरं काम करतात. परत आल्या की एकच प्रश्न विचारतात, "मान वर करा आणि समोरच्या घड्याळात किती वाजले ते सांगा."

ज्याला सांगता येत नाही, त्याच्या कवचाची वरची कड हेल्मेटला मागून ढकलत असते. ट्रॅकवर पुढचं वळण दिसावं म्हणून वाकूनही मान वर करावी लागते. ज्याला घड्याळ दिसत नाही, त्याला वळण काय दिसणार? भिंतीवरचं हे घड्याळ दुकानातल्या कुठल्याही विक्रेत्यापेक्षा जास्त खरं बोलतं, असं मालक म्हणतात. विक्रेत्यांना ते आवडत नाही, पण खरं आहे.

ताई स्वतः कधी मोटरसायकल चालवायला शिकल्या नाहीत. त्यांची उमेदीची सगळी वर्षं शाळेचे गणवेश शिवण्यात गेली. मग शाळांनी तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली, ताईंच्या मशीनवर धूळ बसली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या नोकरी शोधायला निघाल्या. या दुकानाच्या मालकांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस बघू." शिवणकाम येणारी बाई मोटरसायकलवाल्यांच्या काय कामाची, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

चौथ्या दिवशी ताईंचा पाठचा भाऊ दुकानात आला. तो औषधांच्या गोदामातून दुकानोदुकानी खोकी पोचवतो, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस मोटरसायकलवरच असतो. महिन्यातून एका रविवारी तीच मोटरसायकल घेऊन ट्रॅकवर जातो आणि मनसोक्त पळवून येतो. तेव्हा घोडा नव्हता आणि घड्याळाची रीतही नव्हती. ताईंनी त्याला उभं करून माप घेतलं, कवच निवडून दिलं. त्याने मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "असं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं." मालकांनी ते ऐकलं. पंधरा दिवसांची आता सहा वर्षं झाली आहेत.

गेल्या महिन्यात भाऊ ट्रॅकवर पडला. मागचा टायर घसरला म्हणाला. पाठीवर आपटून थोडं अंतर घरंगळत गेला, उठला, कपडे झटकले आणि मोटरसायकल ढकलत बाहेर आला. कवचावर साधा ओरखडाही नव्हता. पण एकदा मार खाल्लेलं कवच बदलायचं, मग ते बाहेरून कितीही धड दिसो, हे ताई रोज दहा जणांना सांगतात. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी तसाच मार झेलेल याची खात्री नसते. भावालाही त्यांनी चार वेळा सांगितलं. तो चारही वेळा "बघू" म्हणाला. आता ट्रॅकचा रविवार तीन दिवसांवर आला होता, आणि ताईंना रात्रीची धड झोप लागेनाशी झाली होती.

गुरुवारी त्यांनी त्याला कामावरून परस्पर दुकानात बोलावलं. तो जुनं कवच पाठीवर बांधूनच आला.

"याने मला वाचवलंय ताई. असं टाकून द्यायचं?"

"वाचवलं म्हणूनच टाकायचं. त्याचं काम झालं."

"मला हेच बरं आहे. सवय झालीय."

गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे ताईंना पक्कं ठाऊक होतं, पण सख्ख्या भावाशी बोलताना त्यातलं एकही वाक्य कामाला येईना. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. याच कवचात घोड्यावर बस. सगळ्यांना विचारते तेच तुला विचारते. सांगितलंस तर सोडते."

भाऊ हेल्मेट घालून बसला. आधी ताठ, मग वाकून. ताई हातमोज्यांच्या पेट्या लावायला मागे गेल्या आणि दहा मिनिटांनी परत आल्या.

"किती वाजले?"

"सव्वापाच," तो झटकन म्हणाला.

ताईंनी वळून घड्याळ पाहिलं. पाच पंचवीस झाले होते. बसायच्या आधी त्याने वेळ पाहून ठेवली होती. शाळेत पाढे चुकवायचा तेव्हाही असंच छातीठोकपणे सांगायचा.

त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कवचाची वरची कड हेल्मेटच्या खाली घट्ट रुतली होती. तिथला हेल्मेटचा रंग बोटभर रुंद घासून गेला होता, आणि आतला पांढरा भाग दिसत होता. असा रंग एका दिवसात जात नाही.

"हे कधीपासून?"

तो सरळ बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. "पहिल्या रविवारपासून."

"आणि पडलास तो टायर घसरून?"

तो हेल्मेटवरची घासलेली जागा बोटाने चोळू लागला. मग म्हणाला, "वळण जरा उशिरा दिसलं."

ताईंना एकदम सगळं आठवलं. त्या दिवशी त्यांनी त्याला "ताठ उभा राहा" म्हटलं होतं, गणवेशाच्या मापाला पोरांना म्हणायच्या तसं. आणि टेप धरून झाल्यावर हाताच्या सवयीने दोन बोटं वाढवली होती. मुलं वर्षभरात उंच होतात, म्हणून गणवेश नेहमी वाढत्या अंगाचाच शिवायचा. तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

"चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्याला मी वाढत्या अंगाचं माप दिलं," ताई म्हणाल्या. "आणि तू सहा वर्षं गप्प बसलास? मेला असतास म्हणजे?"

"मेलो नाही ना. कवच चांगलंच आहे, फक्त लांब आहे."

"बोलला का नाहीस?"

"तुला नोकरी लागून चारच दिवस झाले होते. परत आणून दिलं असतं, तर मालकांनी तुला पाचव्या दिवशी घरी पाठवलं असतं. मग पुढे घोडा आला, लोक लांबून तुझ्याकडे यायला लागले. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार?"

ताईंना भयंकर लाज वाटली, आणि त्याच्या वरताण भावाचा राग आला. गावभरच्या पाठी मापत बसल्या आणि घरचीच पाठ राहिली, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या गल्ल्यामागे गेल्या, कात्री घेऊन आल्या, त्याच्या पाठीवरून जुनं कवच उतरवलं आणि त्याचे चारही पट्टे कापून टाकले, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या अंगावर चढायला नको. भावाने हात पुढे केला होता तो मागे घेतला.

मग त्यांनी त्याला घोड्यावर वाकायला लावून पाठीला टेप लावली. तीन वेळा लावली. एक बोटही वाढवलं नाही. आतून एका मापाने लहान कवच आणलं, छातीवरचे पट्टे आणि कंबरपट्टा बांधला, हेल्मेट स्वतःच्या हाताने चढवलं, आणि या खेपेला दुसरं काम काढलं नाही. दहा मिनिटं समोरच उभ्या राहिल्या.

"किती वाजले?"

त्याने मान वर केली. "सहाला सात कमी. आणि ते घड्याळ जरा वाकडं टांगलंय."

ताईंनी मागे वळून पाहिलं. खरंच वाकडं होतं.

"कुठे टोचतंय? काचतंय?"

"छे, एकदम मस्त."

ताई जागच्या हलल्या नाहीत. त्याच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. तो टाकीवर तसाच वाकून हेल्मेटच्या आतून हळूच म्हणाला, "डाव्या खांद्याखाली पट्टा काचतोय. थोडासा."

ताईंनी पट्टा सैल केला. "आता?"

"अजून काचतोय."

"बोल," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा पट्ट्याला हात घातला. "आणखी काय काय काचतंय ते सगळं बोल."