झेंड्याची सुरगाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका माणसाला सांगितलं, गेल्या सतरा सप्टेंबरला, आणि तेही बारा वर्षांनी. बायकोला अजून नाही. शाळेत कुणाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करतो. अनोळखी माणसापुढे जीभ जरा लवकर सुटते, नाही का?

घाटनांदूरच्या जवळच एका गावात मी मास्तर आहे. पीटी शिकवतो, वेळ पडली तर भूगोलही. मुलं मला घाबरतात आणि झेंडावंदन म्हटलं की गाव माझं नाव घेतं — सरांची गाठ म्हणजे एका हिसक्यात झेंडा! हे कौतुक मी खाली मान घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

आमच्या मराठवाड्यात झेंडे चार. बाकी महाराष्ट्राचं सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्टवर भागतं. आमचा सतरा सप्टेंबरला आणखी एक, निजामाचं राज्य गेलं त्याचा. या चार सकाळी आमच्या शाळेचा शिपाई, बिभीषणमामा, गावातला सगळ्यात मोठा माणूस असायचा. एरवी घंटा वाजवणारा, सगळ्यांसाठी चहा आणणारा माणूस. पण त्या दिवशी पांढरे कडक कपडे, पायात चप्पल नाही आणि झेंडा खुलेपर्यंत घोटभर चहासुद्धा नाही. सरपंच आले तरी आधी विचारणार, "मामा, झालं का?" मामांनी मान हलवल्याशिवाय पुढचं काही हलायचं नाही.

गाठीचं सांगायला हवं. झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या, दोरीने बांधून ते पुडकं खांबाच्या टोकाला नेऊन ठेवायचं. वेळ झाली की पाहुण्याने दोरी ओढायची. गाठ मात्र सुरगाठ पाहिजे — टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ बसली की संपलं. जितकं ओढाल तितकी ती आवळते. मामांचं घराणं मेंढरं राखणारं. दोरी त्यांच्या हातात लहानपणापासूनची. त्यांची गाठ कधी चुकली नव्हती.

आणि मी? मी शाळेत नवा होतो. स्काउटचं शिबिर करून आलेलो, गळ्यात शिट्टी, डोक्यात हवा. आठ दिवस पोरांचं संचलन मी बसवलं, लेझीम मी बसवली, मैदानावर चुन्याची फक्की मी मारून घेतली — आणि सरपंच येऊन विचारणार कुणाला? तर शिपायाला. हसू नका. माणसाला असल्याच गोष्टी लागतात.

ती सव्वीस जानेवारी होती. तालुक्याचे एक पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. मामांनी उजाडता उजाडता झेंडा बांधून वर चढवला आणि ते आंघोळ करून कपडे घालायला घरी गेले. मैदानावर मी एकटा. खिशात झेंडूच्या पाकळ्यांची पिशवी होती. मामा पाकळ्या बेताच्याच घालायचे, मूठभर. मला वाटलं, पाहुण्याच्या अंगावर चांगला सडा पडला पाहिजे. मग ते विचारतील, ही कल्पना कुणाची?

मी पुडकं खाली घेतलं. मामांची गाठ सोडली — एका बोटाने सुटली, बरं का. दोन ओंजळी पाकळ्या कोंबल्या. पुडकं फुगलं, म्हणून शिबिरात शिकवलेली गाठ मारली, चांगली करकचून. वर चढवलं आणि शिट्टी वाजवत पोरांच्या रांगा लावायला गेलो. मनात शंकाही आली नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पाहुण्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पोरं जन-गण-मनचा श्वास घेऊन उभी, आणि झेंडा वर गाठोड्यासारखा. सरपंचांनी दोरीला सगळं अंग घातलं, तशी गाठ आणखी बसली. शेवटी पुडकं खाली आणलं आणि कुणीतरी दुकानातून ब्लेड आणून दोरी कापली. सगळ्या पाकळ्या एकदम पाहुण्यांच्या बुटांवर पडल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

सरपंच गावासमोर ओरडले, "बिभीषण, झोपंत बांधली का बे गाठ?"

मी मामांपासून दहा पावलांवर होतो. शिट्टी तोंडात होती. एक वाक्य बोलायचं होतं — एवढंच. मामांनी त्या कापलेल्या दोरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि हात जोडले. "चुकलं मालक," म्हणाले. "हात चुकला."

मी गप्प राहिलो. सांगायला दुसरी दुपार होती, तिसरी होती, त्यानंतर आख्खं वर्ष होतं. का नाही सांगितलं? नोकरी गेली असती असं काही नव्हतं. फार तर हेडमास्तरांनी चार शब्द सुनावले असते, पोरं आठ दिवस हसली असती. मला ते आठ दिवस नको होते, म्हणून मी मामांना बारा वर्षं दिली.

एक मेचा झेंडा हेडमास्तरांनी माझ्याकडे दिला. "मामांचं वय झालं, सर, आता तुम्हीच बघा." आणि आदल्या दिवशी मामा स्वतः माझ्याकडे आले. व्हरांड्यात उकिडवे बसले, दोरी पुढे केली. "आसं धरा, सर. आता ह्यो फेरा. माज्यासारकं व्हाया नगं तुमचं." तीन-चारदा करवून घेतलं. मी त्यांच्याकडून शिकलो! ज्या गाठीचं गाव कौतुक करतं ती गाठ मामांची आहे, पहिल्या दिवसापासून.

मामा निवृत्त झाले. मी मनाला सांगत आलो की त्यांना आता आठवतही नसेल. मग या श्रावणात त्यांच्या नातीचं बारसं होतं, तिथे गेलो. पाळणा टांगायचा होता. सुनेने सासऱ्यापुढे दोरी धरली, तर मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मला नगं सांगू, बाई. माजा हात दगा देतो. लेकराच्या जिवाचा खेळ हाय."

मामी माझ्याशेजारी घुगऱ्या वाटत होत्या. सहज बोलल्या, "झेंडा अडकला तवापस्नं ह्यांनी एक गाठ मारली न्हाई, सर. शेरडंबी मीच बांधते."

मी घुगऱ्या खाल्ल्या. नातीचं नाव ऐकलं, टाळ्या वाजवल्या, घरी आलो. त्या दिवशीही बोललो नाही — हेही लिहून ठेवतो.

सतरा सप्टेंबरचा झेंडा एका हिसक्यात खुलला. लोकांनी पाठ थोपटली, आणि मला ती थाप सहन होईना. तसाच मामांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. उभ्या उभ्याच बोललो, "मामा, त्या सव्वीस जानेवारीला तुमची गाठ मी सोडली होती. अडकली ती माझी."

"सोडली म्हंजी?"

सगळं सांगितलं. पाकळ्यांसकट. मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्यांनी दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "आगं, आयकलं का? माजा हात न्हवता चुकला!" लॉटरी लागल्यासारखा तो आवाज.

मामी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बारा वर्सं शेरडं बांधली मी, सर," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा विचारला नाही. बरोबरच केलं.

मामा उठले. अंगणात एक शेळी मोकळी फिरत होती. तिला त्यांनी दाव्याने खुंटीला बांधलं, टोक ओढून सोडलं, पुन्हा बांधलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाठ गावापुढं अडकलती. गावापुढंच सांगा."

तेव्हापासून मला झोप लागते. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच — अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालंय. जेवण गोड लागतं. लेझीम बसवताना परवा मीच पोरांसोबत दोन फेऱ्या नाचलो. ज्याचं नुकसान झालं तो बारा वर्षं हात लपवून बसला आणि मी मात्र एका भेटीत मोकळा. आहे हे असं आहे.

येत्या सव्वीस जानेवारीला भाषणांच्या आधी मी माईक मागून घेणार आहे. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाहिलं. आधी दोन पानं झाली होती. त्यातलं मी नवा होतो, तरुण होतो, हेतू चांगला होता — सगळं खोडलं. आता एवढंच उरलंय: तो झेंडा मी अडकवला आणि गप्प बसलो. बिभीषणमामांची गाठ बरोबर होती.