काट्यावरचे चाळीस

आमच्या गल्लीतले तागडीकाका वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. निवृत्तीनंतरही बाहेरून आणलेली पाव किलो साखर ते घरच्या काट्यावर चढवत. त्यांची जुनी मोटार लग्नाच्या आधीची. काकू तिला ‘थोरली’ म्हणत, आणि थोरलीचे लाड पाहून गल्लीलाही ते नाव पटलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी थोरलीच्या वेगाचा काटा शून्यावर बसला तो उठेना. काकांचं काही अडलं नाही. शेजारी बसलेल्या काकूंनी वेग विचारला, की ते सांगत, “चाळीस.” चढ असो, उतार असो, चाळीस. मग एक दिवस वेगमर्यादा मोडल्याची दंडाची पावती घरी आली. तिच्यावर बासष्ट लिहिलं होतं.

“तुमच्या तोंडाचं माप मला नको,” काकू म्हणाल्या. “काटा हलेल तेव्हाच बसेन.”

तेव्हापासून दर रविवारी काकू बहिणीकडे बसने जाऊ लागल्या. बसच्या मागे, शेजारची सीट रिकामी घेऊन, काका. बस थांबली की तेही थांबत.

शेवटी त्यांनी अंगणातच दुरुस्ती काढली. मीटरला ड्रिल लावून फिरवलं, तर काटा टुणकन वर आला. केबलमधली तार ओढून पाहिली, ती अखंड. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या टोकाशी, जिथे बोटाच्या पेराएवढं दातेरी चाक ती तार फिरवतं. काका गाडीखाली शिरले. बोल्ट सुटताच तेल ठिबकू लागलं.

“अहो, ते माझं दुधाचं पातेलं आहे!”

“होतं,” गाडीखालून आवाज आला.

चाक निघालं ते सुपारीसारखं गुळगुळीत. दात मोजायला उरलेच नव्हते. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात काकांनी ते पुढे केलं. दुकानदाराने डब्यातून दुसरं काढलं. “डिट्टो हेच, साहेब.” आणि तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी दुकानदाराचं ऐकलं.

रविवारी काकू पुढच्या सीटवर बसल्या. काटा चाळीसवर स्थिर. एक सिमेंटचा ट्रक पुढे गेला, मग दुसरा, मग स्कूटरवरच्या एक आजीबाई. दहा मिनिटांत काकूंचा डोळा लागला. इतक्या वर्षांत त्या थोरलीत कधी झोपल्या नव्हत्या.

आजीबाई मात्र काकांच्या डोक्यातून जाईनात. त्यांनी किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचं घड्याळ ताडून पाहिलं. दहा किलोमीटरला पंधरा मिनिटं लागायला हवीत, लागली पावणेसतरा. खरा वेग छत्तीस. घरी येऊन त्यांनी गाडीची पुस्तिका उघडली, जी आधी उघडायची होती. मूळ चाकाला एकोणीस दात. दुकानदाराच्या ‘डिट्टो’ला सतरा. दात कमी, म्हणून तार जास्त फिरत होती आणि काटा फुगवून सांगत होता.

आठवडाभर काकांना घास गोड लागेना. असं माप दुसऱ्या कुणाकडे सापडतं, तर त्यांनी ते जप्त केलं असतं. एकोणीस दातांचं चाक त्यांनी शोधून आणलं, दोनदा मोजून. पण सांगितल्याशिवाय ते बसवणं त्यांच्या तत्त्वात बसेना, आणि सांगितलं तर काकू परत बस-थांब्यावर. रविवारी काकू गाडीत बसल्यावर त्यांनी चाक तळहातावर ठेवून सगळं सांगून टाकलं.

काकूंनी पर्स मांडीवर ठेवली. “म्हणजे तेव्हा चाळीस सांगून साठने नेत होतात. आणि आता चाळीस दाखवून छत्तीसने नेता.”

“लगेच बदलतो. तासाभराचं काम आहे.”

“हात तर लावून बघा! खोटंच बोलायचं, तर हे बरं आहे.”

“अगं, पण माप म्हणजे...”

“चला आता. ताई वाट बघत बसली असेल.”

काकांनी चाक खिशात टाकलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर काटा चाळीसवर आणला. मागचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकला. काकूंची मान खांद्यावर कलली होती. जाग येऊ नये म्हणून काकांनी हलकेच काच वर केली.