पहिला आरआयपी सदानंदचा

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गच्या मराठी ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी पडली, की पहिला ‘आरआयपी’ सदानंद मेश्रामचा. गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस, पण अंगठा काय चालायचा! बायको कांता टोमणा मारायची, "अहो, त्या माणसाला नीट जाऊ तरी द्या!" पोरगा तर फोन फुटला तरी ‘आरआयपी’ म्हणायचा. त्यावर मात्र सदानंद चिडायचा. "रेस्ट इन पीस आहे ते. मयताचा शब्द आहे."

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात दिवसाला पाच-पाच आरआयपी पडू लागले, आणि नागपुरात त्याचे बाबा कोविड वॉर्डात गेले. विमानं बंद. बहीण नीलाने सिस्टरच्या हातापाया पडून दहा मिनिटं मिळवली. मेलबर्नच्या चारला सिस्टर नीलाचा फोन आत नेणार होती. "दादा, आजच बोलून घे. उद्याचं सांगता येत नाही."

साडेतीनला चहाच्या सुट्टीत मराठी ग्रुपवर कुणाच्या तरी सासूची बातमी आली. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर नीलाचा मेसेज टपकला: "दादा, बाबांना फोन तुझ्या चारला." अंगठा सवयीने चालला, आणि आरआयपी पडला तो घरच्या ग्रुपवर. खुद्द मुलाचा! मिनिटभरात त्याने तो पुसला. पुसल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. बिचाऱ्याला लिहवतही नाही म्हणत अमरावतीपासून भंडाऱ्यापर्यंतची माणसं नीलाला फोन लावू लागली.

चारला सदानंदने लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. साडेचारला नीलाचाच आला.

"दादा, आत नेल्यानेल्या फोन वाजला. सिस्टरला वाटलं, तूच. तिने बाबांच्या कानाला लावला. अमरावतीचे काका होते."

"काय म्हणाले?"

"सिस्टर सांगते, रडत होते. ‘नीला, आपले भाऊ गेले गं.’"

"आणि बाबा?"

"‘कोण भाऊ?’ म्हणाले. मग कळलं असावं. तोंड भिंतीकडे केलं. फोन वाजतच राहिला, तशी सिस्टर वैतागली. आता पुन्हा आत नेणार नाही म्हणते."

"त्यांना सांग ना, चुकून..."

"कोण सांगणार? मला आत सोडतात का?"

संध्याकाळी बाबा गेले. नीलाने ग्रुपवर लिहिलं, पण या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. एकदा फसलेली माणसं, नक्की कळायची वाट बघत बसली. सदानंदने नीलाला फोन लावला, तर पहिल्याच रिंगला लागला.