जास्तीचा गज

दामागेतोस ऐंशीला टेकला होता आणि अख्ख्या ऱ्होड्समध्ये त्याच्याशी भांडायलाही कोणी उरलं नव्हतं. बायको केव्हाच गेली होती, बरोबरीचे गवंडी एकेक करून संपले होते. त्याने तरुणपणी ज्याच्या पोकळ पायांत दगड भरले, तो सूर्यदेवाचा ब्राँझचा पुतळाही भूकंपात गुडघ्यातून मोडून आडवा पडला होता. लोक अंजीर चघळत यायचे, देवाच्या अंगठ्याला मिठी मारायचे आणि हात पुरत नाहीत म्हणून खिदळायचे. लोकांना काय, मोठ्यांचं पडणं बघायला आवडतंच.

"म्हातारबा, गुडघे तुम्हीच भरलेत ना?" मासेवाली क्लेनो भर बाजारात विचारायची. "मग अक्कल कुठे ठेवली होतीत?"

तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी आल्यावर तेच आठवत बसायचा. डावा गुडघा त्याने आणि धाकट्या भावाने, नौसिप्पोसने, मिळून भरला होता. नौसिप्पोस म्हणाला होता, "दादा, इथे अजून एक लोखंडी गज घालू या."

"तू मला शिकवणार? आहे तेवढं पुरे."

शब्दाने शब्द वाढला. नौसिप्पोसने हत्यारं उचलली आणि मिळेल त्या गलबताने तो इजिप्तला निघून गेला. पन्नासहून जास्त वर्षं झाली, निरोप त्याचा आला नाही आणि यानेही धाडला नाही.

शेवटी एका सकाळी दामागेतोस रांगत त्या मोडक्या पायात शिरला. दगड जागच्या जागी होते. मोडलं होतं ते वर, जिथे नौसिप्पोसला गज हवा होता, नेमकं तिथेच. म्हातारा तिथेच बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि भावाची इतकी आठवण आली की छाती दुखली. 'तुझंच खरं होतं' एवढंच त्याला म्हणायचं होतं.

त्याच सुमारास पडलेलं शहर उभं करायला इजिप्तच्या राजाने धान्य आणि गवंडी पाठवले. दामागेतोस रोज धक्क्यावर जाऊन भावाची चौकशी करू लागला. चौथ्या दिवशी हेरमियास नावाचा एक गवंडी थांबला.

"नौसिप्पोस? ते तर आमचे मिस्त्री. गेल्या उन्हाळ्यात वारले, आजोबा."

दामागेतोसने दोर बांधायचा खुंट धरला. "माझ्याबद्दल, त्याच्या दादाबद्दल, कधी काही बोलला?"

"सारखं! आमचं काम कच्चं दिसलं की ओरडायचे, 'माझ्या दादाने ऱ्होड्सच्या देवाचे गुडघे भरलेत. जाऊन बघा लेको, शंभर वर्षं हलायचे नाहीत!'"

"आणि गजाचं? अजून एक गज हवा होता, हे नाही सांगितलं?"

"कसला गज?" हेरमियासने विचारलं, आणि त्याची नजर पलीकडे आडव्या पडलेल्या देवाच्या मोडक्या गुडघ्यांवर जाऊन थांबली.

"माझाच हट्ट होता रे," दामागेतोस त्या परक्या माणसाला म्हणाला. दुसरं सांगायला होतं कोण?