खारबांधावरची माफी

आजोबांचे मोडीतले कागद मी स्वतः मोडी शिकून वाचले, कुणाच्या क्लासला गेलो नाही. त्यात एका उधाणाची हकीकत सापडली. खाडीचा बांध फुटला तेव्हा खोतांनी, म्हणजे आजोबांनी, निरोप धाडून सगळी कुळं वेठीला आणली आणि आधी स्वतःची शेतं राखली. कुळांच्या शेतांत खारं पाणी शिरलं. तीन वर्षं तिथे भात झालं नाही. गावी जाऊन माफी मागायची, हे मी तेव्हाच ठरवलं.

पहिला मुक्काम रोह्याला, चुलतभावाकडे. तो शिक्षक आहे. कुंडलिकेच्या काठाने फिरताना म्हणाला, "आपण जन्मलोही नव्हतो. माफी कसली मागतोस?"

"त्याच भातावर आपलं घर वाढलं ना, अण्णा?"

तो घराकडे वळला.

सकाळी एसटीने नागोठण्यावरून पेण. स्टँडबाहेर वडापाव वीस रुपये, चटणी झणझणीत. धरमतरच्या बाजूला आमच्या गावापर्यंत रिक्षा अडीचशे. शेवटचा रस्ता निव्वळ खडीचा. सरपंचांना मी आधीच फोन करून ठेवला होता: चार वाजता सगळ्यांना देवळात बोलवा.

अकरा जण आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. चहा झाल्यावर मी लिहून आणलेल्या माफीची दोन पानं उभ्याने वाचली, एकही तपशील न गाळता.

मागून कुणीतरी म्हणालं, "आज्यानं कदी चाय नाय पाजला, नातवानं पाजला!" सगळे हसले.

पुढे बसलेल्या जनीबाई त्याच कुळांतल्या एकाची लेक. त्या म्हणाल्या, "झालं का, दादा? निगू आमी? बांधाला भगदाड परलंय. ओहोटी हाय तवरच बुजवाचं."

"मग काम सोडून आलात कशाला?"

"खोतांचा निरोप आला ना! माजा बाप पन असाच हातातलं टाकून यायचा."

मी बूट काढून त्यांच्यामागे बांधावर धावलो. भगदाडातून पाणी आत यायला लागलं होतं. मी चिखलाचं ढेकूळ उचललं. जनीबाईंनी हाताने थांबवलं. "र्‍हाऊदे आता. भरती लागली."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला घरी पोचून सरपंचांना फोन केला. तीन शेतांत खारं पाणी शिरलं होतं. एक जनीबाईंचं.

वंशजांनी माफी मागावी का? मी अजूनही हो म्हणेन. पण जाल तेव्हा त्यांच्या बांधावर जा, त्यांची वेळ विचारून जा. कागदातली प्रत्येक तारीख मी तीनतीनदा पडताळली होती. त्या दिवशीची ओहोटी कधी आहे, एवढंच कुणाला विचारलं नाही.